शून्य नाहीतर शंभर

‘झालंच समजा’ या दोन शब्दांवर अख्खा देश चालला आहे, आणि त्या दोन शब्दांशी जन्मभर वैर धरणारा माणूस मी एकच पाहिला. तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. आमच्या नागपूरकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई, म्हणून ते माझे इवाई आणि मी त्यांची ईनबाई. नावानं आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नाही, आणि आता या वयात काय मारणार. जबलपुरात राहून हे वैर निभावणं किती कठीण, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. शिंप्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत कोणालाही विचारा, “बस, हो ही गया समझिए” हेच उत्तर येतं. आणि सांगणारा खोटं बोलत नसतो बरं का. त्याच्या मनात ते काम खरंच झालेलं असतं, नुसतं तुमच्या हातात यायचं राहिलेलं असतं. सगळं जग या मधल्या जागेत सुखानं नांदतं. आमचे इवाई मात्र त्या जागेत पाय ठेवत नाहीत. त्यांच्या लेखी काम एकतर शून्य असतं, नाहीतर शंभर. मध्ये काही नाही.

पहिल्यांदा ते आमच्या दीक्षितपुऱ्याच्या घरी आले ते लग्नाची तारीख ठरल्यावर, तयारीचं बोलायला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहरा असा की आता आपल्या घराची तपासणी होणार. चहाला हात लावण्याआधीच त्यांनी विचारलं, “तयारी कुठवर आली?” माझे यजमान रेल्वेतले, मोघम बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते म्हणाले, “होऊन राहिली.”

“मंडप?”

“मंडपवाल्याशी बोलणं झालं.”

“म्हणजे मंडप शून्य. स्वयंपाकी?”

“तो तर आपला घरचाच माणूस आहे.”

“घरचा आहे, पण त्याला तारीख सांगितली का?”

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. “शून्य,” इवाई स्वतःशीच म्हणाले आणि मग अगदी प्रसन्नपणे चहा प्यायले, वर माझ्या चिवड्याची तारीफही केली. ते गेल्यावर यजमान म्हणाले, “माणूस अच्छा आहे. पण याच्या घरी भात शिजत असताना कोणी झाकण उघडून दाखवलं, तरी हा शून्यच म्हणणार.” लग्न मात्र असं पार पडलं की आमच्या नात्यात अजून बोलतात. मंडपवाला वेळेच्या आधी आला होता, बिचारा घाबरून.

आता हा माणूस असा का झाला, याचं मला पहिल्यापासून कुतूहल. मी खोदून खोदून विचारायची, आणि त्यांनाही विचारणारं कोणी हवंच होतं. माझ्या विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, मुलाच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मुलगा कामापुरता बोलणारा. तेव्हा मी विचारायची आणि ते सांगायचे. वैनगंगेकाठच्या एका खेड्यातून ते मिसरूड फुटायच्या वयात इथल्या एका संरक्षण कारखान्यात लागले आणि पुढे सारी नोकरी त्यांनी नियोजन विभागात काढली. कोणतं काम कुठवर आलं ते रोज विचारत फिरायचं आणि वर कळवायचं, हीच नोकरी. “कारखान्यातल्या प्रत्येक शॉपचा फोरमन मला एकच सांगायचा, नब्बे परसेंट हो गया,” ते सांगायचे. “पहिल्या महिन्यात नब्बे, सहाव्या महिन्यातही नब्बे. नव्वद टक्के हे कामाचं माप नाही ईनबाई, ती लपायची जागा आहे.” म्हणून त्यांनी स्वतःपुरता नियम केला: सुरू झालं तरी शून्य, अर्धं झालं तरी शून्य, हातात आलं की शंभर. फोरमन लोक त्यांना पाहिलं की चहाला निघून जायचे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आलं. कोणाला देव दिसावा तसं इवाईंना ते दिसलं. रिटायर झाल्यावर लोक भाजीपाला लावतात, योगासनं करतात. हे नेपियर टाउनच्या एका कोचिंगमध्ये जाऊन बसले, विशी-बाविशीच्या पोरांत, तेच सॉफ्टवेअर मुळापासून शिकायला. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं कोणाचे तरी वडील फी भरायला आले आहेत. दुसऱ्या आठवड्यात पोरं त्यांच्या शेजारी बसायला भांडत होती. मग मुलानं त्यांना लॅपटॉप घेऊन दिला, आणि त्या दिवसापासून माझ्या लेकीचं घर ओळींमध्ये राहू लागलं. डावीकडे कामांची यादी, उजवीकडे आडव्या पट्ट्या, खाली दोन रेघा. एक रेघ ठरवलेल्या कामाची, दुसरी कमावलेल्या कामाची.

“काम कमावतं म्हणजे काय हो?” मी विचारलं. आम्ही स्वयंपाकघरात होतो, लेक पोळ्या लाटत होती. त्यांनी तव्याकडे बोट केलं. “समजा, नऊ वाजेपर्यंत दहा पोळ्या व्हायच्या ठरल्या. नऊ वाजले, झाल्या सहा. कणीक मात्र गेली आठ पोळ्यांची. तर ठरवलं दहा, लागलं आठांचं, कमावलं सहा. उशीरही झाला आणि पीठही जास्त गेलं. हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की काम तुमच्याशी खोटं बोलू शकत नाही.”

मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत पोळीकडे असं मी पाहिलंच नव्हतं. “आणि तव्यावर आहे ती?”

“ती शून्य.”

“अर्धी भाजली आहे की.”

“अर्धी भाजलेली तुम्ही पाहुण्याच्या ताटात वाढाल का?”

उत्तर लेकीनं दिलं. ती सासऱ्यांना म्हणाली, “पप्पा, तुम्ही दोघं दारातून सरकलात तर तव्यावरची पण शंभर होईल.”

घर रंगवायला काढलं तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. रंगारी मोठा गोड माणूस, दिवसभर गुणगुणत काम करायचा. इवाईंनी विचारलं, किती झालं? तो म्हणाला, “बाबूजी, नब्बे परसेंट.” यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, लॅपटॉप समोर ठेवला आणि भिंती वाचून दाखवल्या. कोणती पूर्ण? तो म्हणाला, “पूरी तो अभी एक भी नहीं, पर सब पर एक-एक हाथ लग गया है.” इवाई म्हणाले, “मतलब शून्य.” रंगाऱ्यानं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा आपल्या रंगानं माखलेल्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “बाबूजी, फिर ये हाथ काहे में सने हैं?” मग चहा पिऊन येतो म्हणून गेला तो चार दिवस आलाच नाही. आला तेव्हा मात्र त्यानं एकच खोली घेतली आणि ती दोन्ही हातांसकट संपवून दाखवली. जाताना माझ्या लेकीला हळूच म्हणाला, “दीदी, बाबूजी को हिसाब की बीमारी है, पर आदमी सच्चे हैं.”

मी त्यांना अडवायला बघायची. एकदा विचारलं, “कैरीचं लोणचं मुरतं, ते कुठं लिहिता?” ते विचारात पडले. लोणचं घालायचं काम तर झालं, पण खायला महिना आहे, आणि त्या महिन्यात कोणी काही करत नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. “ईनबाई, ते काम नाही. ते नुसतं वाट पाहणं आहे. सॉफ्टवेअरमध्ये वाट पाहणं वेगळं दाखवता येतं.” मी म्हटलं, “आणि काम झालं हे त्या यंत्राला कोण सांगतं?” “मीच.” “मग तुम्ही पुन्हा त्यालाच कशाला विचारता?” ते म्हणाले, “कारण मी विसरतो, ते विसरत नाही.” हे म्हणताना त्यांचा आवाज थोडा उतरला होता. तेव्हा मला वाटलं, वयाबद्दल बोलताहेत.

आता मूळ गोष्टीकडे येते. इवाईंची आई तेव्हा गावी होती, नव्वदीच्या पलीकडची. दुसऱ्या मुलाकडे राहायची आणि जबलपूरला यायचं नाव काढलं की म्हणायची, तिथे माझ्याशी बोलणार कोण. दर रविवारी बुद्धविहारातून आल्यावर इवाई तिला फोन लावायचे. मी त्या वेळी पुष्कळदा तिथे असायची, म्हणून मला तो फोन पाठ होता. “हां आई. कशी आहेस? दवा घेतली ना? चलो, ठीक है, ठेवतो.” वर्षानुवर्षं हीच चार वाक्यं. एका रविवारी त्यांनी नातीच्या हातात फोन दिला. ही नात म्हणजे माझ्या लेकीची मुलगी. नाव संघमित्रा, घरात मित्तू, तेव्हा सात वर्षांची. मित्तू फोन कानाला लावून उभी राहिली, मान डोलावली, फोन परत दिला. पलीकडून म्हातारीचा आवाज इतका मोठा आला की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला: “बापू, पोट्टी मुकी हाये का गा?”

मित्तू आणि मुकी? ती हिंदीत बोलायला लागली की शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत येऊन ऐकायच्या. पण मराठी तिला समजायची नुसती, बोलायची म्हटलं की ओठ मिटायची. आमच्याकडच्या सगळ्याच पोरांचं असं. इवाई हसले, म्हणाले, “नाही आई, शरमाती आहे,” आणि फोन ठेवला. पण जेवून हात धुताना मला म्हणाले, “आईला आता कमी दिसतं. कानांवरच आहे तिचं सगळं. आणि कान किती दिवस राहतील ते सांगता येत नाही.”

पुढच्या रविवारी मी गेले तर लॅपटॉपवर नवा प्रकल्प उघडलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्तूला गावी न्यायचं आणि तिनं पणजीशी मराठीत बोलायचं. शेवटच्या ओळीत तेच काम, आणि तिथवर पोचायच्या पायऱ्या वर रांगेनं. नाव-गाव सांगणे. काय खाल्लं ते सांगणे. नाती ओळखणे. हवापाणी विचारणे. गोष्ट सांगणे. कोण शिकवणार त्याचा वेगळा रकाना, आणि त्यात मी. शनिवारी गोष्टी सांगणार मी, नाती शिकवणार मी, आणि त्याच वेळी विहाराच्या कार्यक्रमाच्या स्वयंपाकाच्या ओळीतही मी. यंत्रानं माझं नाव लाल करून टाकलं. “तुमच्यावर ताकदीपेक्षा जास्त काम पडलं की ते लाल होतं,” इवाईंनी समजावलं. मी लेकीला म्हटलं, “बघ, चाळीस वर्षं संसार केला, लाल झाले हे कोणाला दिसलं नाही. या डबड्याला एका दिवसात दिसलं.” लेक म्हणाली, “आई, तू त्याला डबडं म्हणू नको, पप्पा शून्य देतील.”

दर रविवारी परीक्षा. इवाई खुर्चीत, लॅपटॉप मांडीवर, मित्तू समोर. “चलो बेटा, इधर आओ. अब मराठी में बताओ, आज क्या खाया?” मित्तू म्हणायची, “खिचडी.” इवाई माझ्याकडे बघायचे. खिचडी मराठीत धरायची की हिंदीत? शेवटी शून्य. “शाबाश बेटा, अच्छा, अब पूरा वाक्य बोलो.” मित्तू पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडायची. मी मध्ये पडायची, “इवाई, काल माझ्याशी बोलली हो. ‘आजी, मले भूक लागली’ म्हणाली.” ते म्हणायचे, “तुमच्यासमोर बोलली, माझ्यासमोर नाही. मी पाहिलं नाही ते काम मी धरत नाही.” खालच्या दोन रेघांपैकी ठरवलेली रेघ मदन महलच्या टेकडीसारखी वर चढत होती आणि कमावलेली रेघ मुख्य स्टेशनच्या फलाटासारखी सपाट. इवाई रात्रंदिवस त्या सपाट रेघेकडे बघायचे. त्यांनी पायऱ्या लहान केल्या, तारखा हलवल्या, मला शनिवारबरोबर बुधवारही दिला. रेघ काही उठेना. फोनवर आईचा आवाज दर रविवारी थोडा बारीक व्हायचा. मग त्यांनी घरात बैठक बोलावली, लेक, जावई, मी, आणि मित्तू.

“देरी कहाँ हो रही है, ये समझना है,” ते म्हणाले, अगदी नियोजन विभागाच्या आवाजात. “बेटा, डरो मत. बताओ, तुम मराठी में बोलती क्यों नहीं?”

मित्तूनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “दादू, आपने मराठी में पूछा ही कब?”

“अरे, मैं तो हमेशा…” इवाई म्हणाले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “ईनबाई, मी हिच्याशी हिंदीत बोलतो का?”

“आत्तासुद्धा हिंदीतच बोललात.”

“हर रविवारी?”

“रविवारीच काय, जन्मल्यापासून.”

म्हणजे बघा, काम मराठीचं, त्याच्या सूचना हिंदीत, ओळी सगळ्या इंग्रजीत, आणि आम्ही एवढी माणसं दर रविवारी त्याभोवती बसत होतो तरी कोणाला खटकलं नाही. मला नाही, लेकीला नाही. ‘बेटा, मराठी में बोलो’ हे आमच्या सगळ्या मराठी घरांतलं रोजचं वाक्य आहे. ते हिंदीत आहे हे आमच्या कानांना कळणं कधीच बंद झालं होतं. जावई पहिले हसले. मग लेक. इवाई हसले नाहीत. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि सगळ्यात वर एक नवी ओळ घातली. काम: मित्तूशी मराठीत बोलणे. कोण करणार: स्वतः. किती झालं: शून्य.

पण गंमत पुढेच आहे. त्यांना बोलता येईना. मराठी त्यांची आईची भाषा, पण ती त्यांनी गाव सोडलं त्या वयातच थांबली होती. मित्रांना शिव्या द्यायची मराठी होती, बैलाला हाकायची होती, आईजवळ भाकर मागायची होती. बायको होती तोवर घरात बरोबरीची मराठी होती, ती तिच्याबरोबर गेली. माझ्याशी बोलायची होती, पण ती व्याह्या-विहिणीची, मानापानाची मराठी. आजोबा व्हायची मराठी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. त्यांचे स्वतःचे आजोबा त्यांच्या जन्माआधीच गेलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मित्तूला मराठीत जेवायला बोलावलं ते असं: “चाल वो, हाऽऽट, इकडं ये.” पोर दचकून गॅलरीत पळाली आणि मग इतकी हसली की तिला उचकी लागली.

तेव्हापासून मला फोन यायला लागले. “ईनबाई, पोर रुसली तर काय म्हणायचं?” मी सांगायची. “ईनबाई, तिनं चित्र काढलं, चांगलं आहे. चांगलं आहे हे आजोबानं कसं म्हणायचं?” मी सांगायची आणि ते दोनदा म्हणून बघायचे. एकदा विचारलं, “झोपवताना काय म्हणतात?” मी म्हटलं, “तुमची आई काय म्हणायची ते आठवा.” मग म्हणाले, “ती दिवसभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबून यायची. म्हणायची, ‘निज बापा, मले बी निजू दे.’” मी म्हटलं, “मग तेच म्हणा की.” त्यांनी ते म्हटलं, आणि लेकीनं सांगितलं, मित्तू त्या दिवसापासून दुसरं काही म्हटलेलं चालू देईना.

आणि रविवारची परीक्षा उलटी झाली. आता मित्तू खुर्चीत, लॅपटॉप तिच्या मांडीवर, आणि इवाई समोर स्टुलावर. तिनं त्यांचाच नियम त्यांना लावला. एक वाक्य मराठीत सुरू करून मध्ये ‘मतलब’ आलं की “शून्य, दादू.” ‘लेकिन’ आलं की शून्य. ते मला म्हणायचे, “फारच कडक आहे ही, ईनबाई. पूर्ण वाक्य होत आलं होतं.” मी म्हणायची, “होत आलं म्हणजे काय इवाई, नव्वद टक्के?” ते खाली मान घालून पुन्हा सुरू करायचे. पोर त्यांना दुरुस्त करता करता स्वतः बोलायला लागली होती, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते आपल्या ओळीत बुडालेले.

उन्हाळ्याची सुट्टी अजून लांब होती तेव्हा गावाहून फोन आला की म्हातारीनं जेवण सोडलं आहे, भेटायचं तर आता भेटा. इवाईंनी पहिलं काय केलं असेल, तर लॅपटॉप उघडला. “अर्धंसुद्धा झालेलं नाही,” ते म्हणाले. चेहरा पडलेला. “असं अर्धवट काम घेऊन मी तिच्यासमोर कसा जाऊ?” माझी लेक फार बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, “पप्पा, ही परीक्षा नाही, तुमची आई आहे. बॅग भरा.” लॅपटॉप घरी राहिला. मीही बरोबर निघाले. गोंदियाच्या गाडीत ते खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणत होते. मित्तूला वाटलं प्रार्थना चालली आहे, म्हणून तीही हात जोडून बसली.

म्हातारी बाजेवर होती. एवढीशी, पांढऱ्या लुगड्यात, डोळे उघडे पण कोणावर न ठरणारे. आम्ही पाया पडलो. तिनं मित्तूच्या डोक्यावरून हात फिरवला, केस चाचपले. “हे कोन हाय?”

मित्तूनं ओठ मिटले. एवढ्या लांब येऊन, इतके रविवार जाऊन, पुन्हा तेच. इवाई बाजेजवळ खाली बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, “बे…” म्हणाले, गिळून टाकलं, आणि मग हळूच म्हणाले, “सांग ना वो माय, भिऊ नको. तुई पणजीच हाय ते. सांग, तू कोनाची हायस.”

म्हातारीचा हात मित्तूच्या डोक्यावर थांबला. तिनं मान वळवली ती पोरीकडे नाही, मुलाकडे. “तू असा कवापासून बोलाले लागला गा बापू?” ती म्हणाली. “मले वाटलं, तुयं हे बोलनं शहरातच हरवलं.”

इवाईंनी तिचा हात धरला. तेव्हा मित्तू पुढे सरकली, म्हातारीच्या कानापाशी तोंड नेलं, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मीच शिकवलं याले.”

म्हातारी हसली. दात एकही नव्हता, पण हसली. “अन् शिकला का बरोबर?”

“लई चुकते,” मित्तू म्हणाली. “पण शिकून राह्यला.”

मग त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात आम्हाला कोणाला जागाच राहिली नाही. यादीतलं एकही काम त्यांनी केलं नाही. नाव-गाव नाही, हवापाणी नाही. म्हातारीनं विचारलं, तुह्या शाळेत मारतात का, आणि मित्तूनं एका मास्तरची अशी नक्कल केली, निम्मी हिंदी, निम्मी मराठी, की म्हातारी खोकेपर्यंत हसली. संध्याकाळी तिनं दोन चमचे पेज घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. मी इवाईंना विचारलं, मला राहवेना, “आता परत गेल्यावर किती लिहिणार?” ते अंगणात बघत होते. म्हणाले, “माहीत नाही. पहिल्यांदाच माहीत नाही, ईनबाई.” आणि हे सांगताना त्यांना जरा बरं वाटत होतं असं मला दिसलं.

म्हातारी पावसाळ्यापर्यंत जगली. तोवर रविवारचा फोन चार वाक्यांचा राहिला नव्हता. कधीकधी आम्ही सगळे जेवून उठायचो तरी इवाई आणि मित्तू फोनवर झगडत असायचे, कोण आधी बोलणार यावरून.

आता त्यालाही वर्षं झाली. मित्तू बाहेरगावी शिकायला गेली. माझे यजमानही गेले. जावयांच्या घरी पुन्हा हिंदी आहे, त्यात कोणाचा दोष नाही, दिवस तसेच आहेत. इवाई आता गुडघ्यांना टेकू देत चालतात, तरी आठवड्यातून दोनदा दुपारी ऑटो करून दीक्षितपुऱ्यात येतात. लॅपटॉप आणत नाहीत. दारात चपला काढून आत येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, आणि चहा घेतला की म्हणतात, “बोला काहीतरी, ईनबाई.”

“काय बोलू?”

“काहीबी. भाजीचं बोला.”

आणि डोळे मिटून घेतात. मग मी बोलते. वांगी किती महाग झाली ते बोलते, शेजारीण काय म्हणाली ते बोलते, जे सुचेल ते. मध्येच मला वाटतं झोपले असतील, म्हणून मी थांबते. तेव्हा डोळे न उघडताच ते म्हणतात, “मग?”